चौदा दारं रोज कशाला ठोठवायची?

वाचनालयं चालवणाऱ्यांचे आणि तिथे येणाऱ्यांचे प्रश्न. उत्तरं देताहेत वडोदऱ्याच्या एक निवृत्त ग्रंथपाल.

प्रश्न : ताई, दांडिया बाजारात आमचं एक जुनं मराठी वाचनालय आहे. मी तिथला मानद कार्यवाह, बँकेतून निवृत्त झालेला. सभासद 180च्या आसपास, बहुतेक साठीच्या पुढचे. दीड वर्षापूर्वी आम्ही ‘आजचे वेचे’ सुरू केलं. रोज सकाळी मराठी-गुजराती मिळून चौदा संकेतस्थळं उघडतो, वाचण्याजोगं काही दिसलं की पाच-सहा दुवे व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि दोन लेख छापून फळ्यावर लावतो. यात सव्वा तास जातो आणि निम्म्या ठिकाणी तर नवीन काही नसतंच. एका सभासदांचा नातू म्हणाला, ‘आजोबा, आरएसएस लावा.’ कार्यकारिणीत विषय मांडला तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘शाखा भरवायची कुठे? आपल्याकडे तर सायकली ठेवायला जागा नाही.’ सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. हे नेमकं काय असतं? आम्हाला झेपेल का? पैसे पडतात का?

उत्तर : कार्यवाहसाहेब, त्या ज्येष्ठ सदस्यांना माझा नमस्कार सांगा. हाच विनोद मी 2007 साली आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकला होता. इथलं आरएसएस म्हणजे ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’, संघाशी त्याचा संबंध नाही. आपण घोटाळा नको म्हणून नुसतं ‘फीड’ म्हणू.

तुमचा सव्वा तास वाचण्यात जात नाहीये, तो जातोय दारं ठोठवण्यात. चौदा घरी जाऊन ‘काही नवीन?’ विचारायचं आणि सात घरून हात हलवत परत यायचं. या घरांपैकी बहुतेकांनी दाराबाहेर एक पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर ताज्या लेखांची यादी असते. तीच फीड. ‘फीड रीडर’ नावाचा प्रोग्राम दर थोड्या वेळाने या पाट्या बघून येतो आणि नवीन असेल तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो. ज्या घरी काही नवं नाही, त्याचं नावसुद्धा काढत नाही.

ही पाटी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवर चालणारा एखादा ब्लॉग उघडा, वरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्या, पुढे इंग्रजीत ‘फीड’ लिहा, एफ-ई-ई-डी, आणि एंटर दाबा. रंगीत पान जाऊन टोकदार कंसांनी भरलेला मजकूर येईल. घाबरू नका, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन आपण जिच्यात नोंदवतो, त्या दाखल नोंदवहीपेक्षा तो अवघड नाही. ‘आयटम’ म्हणजे एक नोंद. तिच्या पोटात ‘टायटल’ म्हणजे मथळा, ‘लिंक’ म्हणजे मूळ लेखाचा पत्ता, ‘पबडेट’ म्हणजे प्रसिद्ध झाल्याची तारीख-वेळ, ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे सारांश, कधी तर अख्खा लेखच. शिवाय ‘गुइड’ नावाची एक खूण असते. तो त्या लेखाचा दाखल क्रमांक समजा. हा क्रमांक बघून रीडर ठरवतो की लेख तुम्हाला आधी दाखवलाय की नाही. उद्या लेखकाने मथळ्यातली वेलांटी दुरुस्त केली तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे तोच लेख सहसा नवा म्हणून परत येत नाही. दाखल क्रमांकाचं महत्त्व ज्याला कळतं, त्याला फीड कळायला दहा मिनिटं पुरतात.

हे प्रकरण कालपरवाचं नाही. मूळचे आयआयटी मद्रासचे रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी नेटस्केप कंपनीत असताना मार्च 1999 मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. आज जी सर्रास दिसते ती 2.0 आवृत्ती 2002ची. ‘ॲटम’ नावाचं तिचं एक चुलत भावंड आहे, त्याचा मसुदा 2005 मध्ये पक्का झाला. दोघांतला फरक तुम्ही डोक्यात ठेवायचं कारण नाही, रीडरला दोन्ही वाचता येतात.

मी नोकरीला लागले 1983 साली. तेव्हा आमच्याकडे कात्रणांचं टेबल होतं. रोज अकरा वर्तमानपत्रं यायची. मी लाल पेन्सिलीने खुणा करायची, शिपाईभाई कापायचे, डिंकाने कोऱ्या कागदावर चिकटवायचे, वर तारीख आणि विषय लिहायचे. सगळ्यात मोठी डोकेदुखी पानाच्या पाठीची. पुढच्या बाजूला नर्मदेच्या पाण्यावर चांगला लेख आणि नेमका त्याच्याच मागे संगीतावरचा. एक कापला की दुसऱ्याचा गळा गेला. शिपाईभाई कात्री हवेत धरून विचारायचे, ‘बेन, कयो बचाववो छे?’ दुसरी प्रत घ्यायची तर चाळीस पैशांसाठी हिशेबनीस तोंड वाकडं करायचे. फीडमध्ये पहिल्यांदा लेख साठवले तेव्हा मला आधी हेच जाणवलं, की इथे पानाला पाठ नाही.

आता तुमच्याकडे काय लावायचं ते सांगते.

वाचनालयात एकच संगणक असेल आणि हे काम तुम्ही एकटेच करणार असाल, तर थंडरबर्ड उतरवून घ्या. तो ईमेलचा फुकट प्रोग्राम आहे आणि त्यात फीडसाठी वेगळं खातं उघडता येतं. लेख ईमेलसारखे येऊन पडतात, न वाचलेले ठळक दिसतात. मेल वाचणाऱ्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. मात्र त्यात एक खोट आहे. संगणक बंद, तर थंडरबर्डही बंद. आणि फीड म्हणजे काही गोदाम नव्हे, तिथे शेवटचे थोडे लेखच लटकलेले असतात. वर्डप्रेसने मुळात दहाचा आकडा ठरवलेला आहे. महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्याच्या पाटीवर दहा लेख म्हणजे पाच महिने झाले, पण वर्तमानपत्राच्या फीडमधून सकाळची बातमी दुपारपर्यंत खाली पडू शकते. उत्तरायणाचे दोन दिवस तुम्ही गच्चीवर, वाचनालयाला कुलूप, मध्ये रविवार आला. परत येऊन संगणक लावाल तोवर मधलं बरंच वाहून गेलेलं असेल.

याला उपाय म्हणजे फीडली किंवा इनोरीडर यांसारखा ऑनलाइन रीडर. त्यांचे संगणक तुमच्या सुट्टीतही पाट्या बघत राहतात. फुकट खात्याला फीडच्या संख्येची मर्यादा असते, पण चौदा-वीस फीडना कुणी अडवत नाही. तुमच्यासाठी मी हेच सुचवीन. खातं मात्र वाचनालयाच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नको. कार्यवाह बदलतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, हे मी दोन संस्थांत पाहिलंय.

फीड शोधायची कशी? पूर्वी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत केशरी चौकोन आणि त्यात पांढऱ्या लहरी दिसायच्या. फायरफॉक्स ब्राउझरने डिसेंबर 2018 मध्ये आपली फीडची सोय काढून टाकली. तेव्हापासून ‘ते आता संपलं’ असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक कार्यशाळेत भेटतो. संपलं काही नाही, फक्त पाटी मागच्या दाराला गेली. रीडरच्या शोधखिडकीत संकेतस्थळाचा पत्ता डकवा, बहुतेक वेळा तो फीड स्वतःच हुडकतो. यूट्यूबच्या वाहिनीलाही फीड असते. विकिपीडियावर तर प्रत्येक लेखाच्या इतिहासाला असते. मराठी विकिपीडियावरच्या वडोदऱ्याच्या लेखावर मी अशी नजर ठेवून आहे, कुणी काही घुसडलं की मला कळतं.

तुमच्या चौदापैकी दोन-चार ठिकाणी फीड मिळणार नाही, तिथे पायी जावंच लागेल. शिवाय एखाद्या जुन्या मराठी स्थळाची फीड सापडेल, पण अक्षरांऐवजी ‘कz’ छापाचा कचरा दिसेल. ते स्थळ युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची आजची एकसारखी पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये आहे असं समजा आणि सोडून द्या. तुमचा संगणक धडधाकट आहे.

आणि वीसच्या वर जाऊ नका. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतेय. गूगल रीडरच्या दिवसांत मी 112 फीड जमवल्या होत्या. न वाचलेल्या लेखांचा आकडा हजाराच्या पुढे गेला की तिथे नुसतं ‘1000+’ दिसायचं. माझ्याकडे ते कायमच दिसायचं. सकाळी संगणक लावला की पोटात गोळा. शेवटी मी एक नियम केला. दोन महिन्यांत ज्या फीडमधला एकही लेख पुढे कुणाला दिला नाही, ती फीड बंद. 112च्या 23 झाल्या आणि एकाही प्राध्यापकाने ‘अमुक का येत नाही’ म्हणून विचारलं नाही.

गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाला. मार्चमध्येच सांगितलं होतं, मीच ‘बघू, बघू’ करत राहिले. शेवटच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने ‘ओपीएमएल’ नावाची छोटी फाइल काढून दिली. तिच्यात माझ्या सगळ्या फीडचे पत्ते होते. ती दुसऱ्या रीडरमध्ये चढवली आणि पाच मिनिटांत घर लागलं. खुणा करून ठेवलेले लेख मात्र गेले, ते मी वेळेवर उतरवून घेतले नव्हते. तुम्ही दर दिवाळीच्या साफसफाईत ही फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. प्रत्येक बऱ्या रीडरमध्ये ती काढायची सोय असते.

इथवर झालं ते येणाऱ्या मालाचं. देण्याच्या बाजूबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

तो नातू कदाचित पुढे म्हणेल, ‘आजोबा, फीड थेट व्हॉट्सॲप गटालाच जोडतो, तुम्हाला काही करायलाच नको.’ त्याला खाऊ द्या आणि घरी पाठवा. मी हे करून बसलेय. आमच्या ग्रंथालयाच्या पानावर उजव्या बाजूला एका साहित्यविषयक ब्लॉगची फीड थेट लावली होती. मथळे आपोआप बदलायचे, फार छान दिसायचं. त्या ब्लॉगवाल्याने पुढे कधीतरी आपल्या पत्त्याचं नूतनीकरण केलं नाही आणि तो पत्ता भलत्याच कुणी घेतला. सोमवारी सकाळी प्राचार्यांचा फोन : ‘बेन, आपल्या ग्रंथालयाच्या पानावर जुगाराची जाहिरात कशी?’ शनिवार-रविवार ती तिथे होती. चूक माझी. दार उघडं टाकून मी घरी गेले होते.

म्हणून रीडर आणि गट यांच्या मध्ये तुम्ही बसा. सकाळी वीस मिनिटं रीडर चाळा, तीन लेख निवडा. प्रत्येकासाठी मथळा, तुमच्या शब्दांतल्या दोन ओळी आणि दुवा, एवढंच गटावर टाका. ‘सुंदर लेख, जरूर वाचा’ ही ओळ धरायची नाही. ‘न्यायमंदिराच्या इमारतीबद्दल आहे, जुने फोटो शेवटी आहेत, वाचायला दहा मिनिटं’ ही ओळ चालेल. सत्तरीतला माणूस दहा मिनिटं कुठे घालवायची ते ठरवतोय, त्याला ठरवता आलं पाहिजे. पाच-सहाऐवजी तीनच का, असं विचाराल. सहा दुवे टाकले की लोक अंगठा दाखवतात, तीन टाकले की वाचतात. हा माझा अनुभव, कुठे छापलेलं नाही.

फळ्यावर अख्खा लेख छापून लावता तेही जरा बघा. लेख लिहिणाऱ्याचा असतो, 1957चा कॉपीराइट कायदा वाचनालयाच्या फळ्याजवळ आल्यावर संपत नाही. लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाकून विचारा. मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं, एकाने तर स्वतःचं पुस्तक पाठवलं. जिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे लेखकाने आधीच दिलेली वापराची मोकळीक, लिहिलेला असतो, तिथे त्यातल्या अटी पाळून छापता येतं. बाकी ठिकाणी मथळा, तुमच्या दोन ओळी आणि मोबाइलने टिपायचा चौकोनी क्यूआर कोड लावा.

आपल्या गावात हे काम नवीन नाही, हे तुमच्या कार्यकारिणीला जरूर सांगा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभारायला घेतली, तेव्हा मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयापर्यंत जो येऊ शकत नाही त्याच्या गावी पुस्तकांच्या पेट्या जायच्या. 1912 साली इथूनच ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. पेटी गावाला जायच्या आधी कुणीतरी बसून ठरवायचं, या गावाला काय धाडायचं. ती पेटी भरणारा माणूस आता तुम्ही आहात. आणि पेटीत सगळंच कोंबत नाहीत.

पैशांचं राहिलं. काहीच पडत नाहीत, इंटरनेटचं बिल तर भरताच.

प्रश्न : मी फतेहगंजमधल्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना नवीन पुस्तकं आणि नवे शोधनिबंध वेळेवर कळवायचे आहेत. दर महिन्याला यादी टाइप करून पाठवते, तोपर्यंत ती शिळी होते.

उत्तर : बाळ, तुझ्याकडे सगळं आहे, फक्त ते उघडलेलं नाही. कोहा हे न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार झालं, जानेवारी 2000 मध्ये सुरू झालं. त्याच्या ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन सूचीत, शोध घेतलास की निकालाच्या पानावर फीडची खूण दिसते. जीवशास्त्राच्या वर्गांकाने, म्हणजे पुस्तकाला दिलेल्या विषयाच्या क्रमांकाने, शोध घे आणि त्या निकालाची फीड प्राध्यापकांना दे. नव्याने दाखल झालेली पुस्तकं तिच्यात आधी येतात. तू पुस्तक नोंदवलंस की यादी आपोआप पुढे सरकते. तू फक्त वर्गांक नीट दे, कारण जीवशास्त्राच्या 570मध्ये जायचं पुस्तक घाईत 507मध्ये गेलं तर फीडसुद्धा त्याला शोधू शकत नाही.

शोधनिबंधांसाठी पबमेड ही वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या निबंधांची ऑनलाइन सूची बघ. तिथे शोधखिडकीखाली फीड तयार करण्याचं बटण असतं. प्राध्यापकांना समोर बसवून त्यांच्याच शब्दांत शोध बांध. त्यांचा विषय ‘मधमाशी’ नसतो, ‘मधमाशीच्या आतड्यातले जिवाणू’ असतो, आणि तू पहिला घेतलास तर ते आठवड्यात कंटाळतील. वाचकाची आवड नोंदवून ठेवायची आणि नवं आलेलं तिच्याशी जुळवून त्यालाच धाडायचं, हा विचार आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये मांडला होता. आम्ही तो परीक्षेत ‘एसडीआय’, म्हणजे ‘सिलेक्टिव्ह डिसेमिनेशन ऑफ इन्फर्मेशन’, म्हणून घोकला आणि पोस्टकार्डांवर केला. तुझं पोस्टकार्डं लिहिणं तरी वाचलं.

प्रश्न : व्हॉट्सॲप चॅनल आहे, फेसबुक आहे. मग हे सगळं कशाला?

उत्तर : तिथे तुम्हाला काय दिसावं आणि कुठल्या क्रमाने दिसावं, हे दुसरं कुणी ठरवतं. फीडमध्ये ज्याचं नाव तुम्ही घातलंत त्याचं सगळं येतं, तारखेच्या क्रमाने येतं आणि तुम्ही कोण हे लिहिणाऱ्याला सांगावं लागत नाही. नको झालं की नाव खोडायचं. बाकी सेव-उसळीच्या व्हिडिओंसाठी फेसबुक उत्तमच आहे, मीही बघते.

प्रश्न : ताई, माझं वय 78. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर फार वेळ वाचवत नाही. वाचनालयाची वर्गणी चालू आहे, पण पुस्तक तसंच परत जातं. सून म्हणते पॉडकास्ट ऐका. हे आमच्या वाचनालयातून मिळेल का?

उत्तर : आजी, वरच्या कार्यवाहसाहेबांना जे सांगितलं तेच तुमच्याही कामाचं आहे. पॉडकास्ट म्हणजे फीडच, फक्त प्रत्येक नोंदीला ध्वनिफीत जोडलेली. नवीन भाग आला की फोनमध्ये आपोआप उतरतो. वाचनालयात जाल तेव्हा फोन घेऊन जा आणि तिथल्या माणसाकडून दोनच पॉडकास्ट लावून घ्या, एक गोष्टींचं आणि एक तुमच्या आवडीचं. ‘वायफाय असेल तेव्हाच उतरवा’ ही खूण करायला सांगा, नाहीतर महिन्याचा डेटा चार दिवसांत जाईल आणि सून माझ्या नावाने बोटं मोडेल.

आणि वेगाचं बटण दाखवून घ्या. हल्लीची मुलं फार भरभर बोलतात. 0.8 वर ठेवलंत की शब्द सुटा सुटा ऐकू येतो. माझ्या सासूबाई 0.7 वर ऐकायच्या आणि मध्येच थांबवून म्हणायच्या, ‘हं, आता बोल.’